गोळी दिली, औषध लावलं, तरी पिसवा परत का येतात?

पाऊस सुरू होऊन महिना झाला की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये एकच तक्रार कानावर यायला लागते. कुत्र्याला गोळी दिली, आंघोळ घातली, आठवडाभर तो शांत झोपला, आणि मग परत तेच. मागचा पाय उचलून खराखरा खाजवणं, शेपटीच्या बुडाशी दातांनी कुरतडणं, रात्री उठून चार वेळा जागा बदलणं. कासारवडवली, ओवळे, तिकडे नवी मुंबईत उलवे, खारघर, तळोजा, जिथे नव्या इमारती उठताहेत आणि फाटकाबाहेर रेतीचे ढीग पडलेत, तिथे सगळा दोष रेतीवर जातो. नाहीतर औषध डुप्लिकेट होतं असं ठरतं. मग दुसरं औषध, तिसरं औषध, आणि शेवटी कुणीतरी सांगतं म्हणून रॉकेल किंवा गुरांवर मारायचं औषध.

तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. आमच्या सोसायटीतल्या आणि शेजारच्या साइटवरच्या कुत्र्यांचं खाणंपिणं, औषधं आम्ही काही जणी मिळून बघतो, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. बहुतेक घरांत औषध नीट काम करत असतं. ज्या परत दिसतात त्या जुन्या पिसवा नसतातच. कुत्रा जिथे रोज झोपतो तिथे, जमिनीवर वाढून तयार झालेल्या त्या नव्या असतात. कुत्र्यावर दिसणारी पिसू म्हणजे एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग. ढोबळ हिशेबाने शंभरातल्या पाच अंगावर, आणि पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गादीत, फटीत, जिन्याखाली, रेतीत. गोळी त्या पाचांना मारते. उरलेल्या पंच्याण्णवांचं काय, हा खरा प्रश्न आहे.

आधी रेतीचं बघू. समुद्रावर ओल्या वाळूत टुणटुण उड्या मारणारे जे बारीक जीव दिसतात ते पिसू नव्हेत. ते कोळंबीच्या जातकुळीतले, सडक्या शेवाळावर जगणारे आहेत, कुत्र्याच्या अंगावर ते राहत नाहीत. खरोखर वाळूत राहून पायात घुसणारी एक पिसू जगात आहे, टुंगा पेनेट्रान्स नावाची. तिची मादी पंजाच्या कातडीत शिरून वाटाण्याएवढी फुगते. ती मूळची अमेरिका खंडातली. 1872 च्या सुमारास ब्राझीलहून आलेल्या जहाजातून ती अंगोलाच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिथून आफ्रिकाभर पसरली. आपल्याकडच्या कुत्र्यांचा रोजचा त्रास तिचा नाही. इंटरनेटवर पंजात घुसलेल्या पिसवांचे फोटो बघून बोटांमधली गाठ सुईने उकरायला बसू नका. आपल्याकडे बोटांमधली गाठ म्हणजे बहुधा बसलेली गोचीड, रुतलेलं कुसळ, नाहीतर ओलाव्याने चिघळलेली कातडी.

ठाण्यात, नवी मुंबईत कुत्र्यांवर सापडते ती टिनोसेफॅलायडीस वंशातली साधी पिसू. कुत्रा, मांजर, सगळ्यांवर तीच. तपकिरी, तिळाहून बारीक, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी, केसांतून सरसर पळणारी. मग रेतीचा संबंध काय? तर ढिगाच्या सावलीतल्या बाजूला वरचा थर कोरडा आणि आत गारवा असतो, म्हणून साइटवरचे कुत्रे तिथे खड्डा करून दुपारभर पडून राहतात. त्यांच्या अंगावरची अंडी तिथेच गळतात. थोडी सावली, थोडी ओल, हलकी भुसभुशीत जमीन आणि रोज येणारा कुत्रा, एवढं मिळालं की जागा तयार. उघड्यावर, कडक उन्हात तापणाऱ्या रेतीत अळी टिकत नाही. त्यामुळे भर रस्त्यावरच्या मोठ्या ढिगापेक्षा स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यात उरलेली दोन घमेली रेती, वॉचमनच्या केबिनमागची गोणपाटं, जिन्याखालची धूळ यांच्यावर माझा संशय आधी जातो. ढीग दिसतो म्हणून त्याच्यावर आळ येतो, आणि खरी जागा तशीच राहते.

खाज पिसवांचीच आहे का, हे औषध आणण्याआधी तपासा. दोन मिनिटांचं काम आहे. कुत्र्याला पांढऱ्या चादरीवर उभा करा आणि बारीक दातांच्या फणीने कंबर, शेपटीचं बूड, मांड्यांची आतली बाजू आणि पोट विंचरा. फणीत नाहीतर चादरीवर काळी मिरपूड सांडल्यासारखे कण पडतील. ते ओल्या टिश्यूवर किंवा कापसावर ठेवा. मिनिटभरात भोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच वाळलेलं रक्त. डाग पसरला नाही तर नुसती माती. जिवंत पिसू एकही दिसली नाही तरी हे कण पुरावा म्हणून पुरतात, कारण ज्या कुत्र्याला पिसवांची ॲलर्जी असते तो इतकं चाटतो आणि चावतो की अंगावरच्या पिसवा स्वतःच गिळून टाकतो. त्याच्या कमरेपाशी केस गेलेले, कातडी लाल, आणि मालक म्हणतात, पिसू तर एकही नाही. अशा कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही आठवडाभर खाज सुटू शकते.

कण सापडले नाहीत तर दुसऱ्या कारणांकडे वळा. गोचीड हलत नाही, एका जागी चिकटून टपोरी होते, कानात आणि बोटांमध्ये जास्त बसते. उवांची अंडी केसाला चिकटलेली असतात, झटकून पडत नाहीत. कानाच्या कडा आणि कोपरं यांवर खपल्या असतील आणि खाज प्रचंड असेल तर खरूज असू शकते, त्याचं निदान डॉक्टर कातडी खरवडून करतात. आणि रेतीत लोळणाऱ्या कुत्र्याचे फक्त पंजे आणि पोट लाल होत असेल तर शी तपासून घ्या. हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या ओल्या रेतीतून कातडीत शिरतात, आणि त्यावर पिसवांचं औषध कितीही दिलं तरी उपयोग नाही.

आता परत येण्याचं गणित. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

पिसू कुत्र्याच्या अंगावर चढली की काही मिनिटांत रक्त प्यायला लागते, आणि दीड-दोन दिवसांत अंडी घालायला. ऐन भरात एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत, पांढरी, अर्ध्या मिलिमीटरची असतात. ती केसाला चिकटत नाहीत, कुत्रा जिथे अंग झाडतो, जिथे पडून राहतो तिथे गळतात. काही दिवसांत त्यातून अळी निघते. ती उजेडापासून पळते, खाली खाली जाते. गादीच्या शिवणीत, लादीच्या सांध्यात, दिवाणाखाली, रेतीत दोन बोटं आत. तिचं खाणं म्हणजे तीच मिरपुडीसारखी विष्ठा, जी अंड्यांबरोबरच खाली पडलेली असते. म्हणजे कुत्र्याची रोजची झोपायची जागा हेच तिचं घर आणि तेच कोठार. तिला दमट हवा लागते, साधारण पन्नास टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि वीस ते तीस अंशांचं तापमान. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हे दोन्ही आयतं मिळतं. आपली थंडीही इतकी बेताची की त्यानंतर वाढ मंदावते, थांबत नाही.

मग अळी कोष विणते. सगळं अडतं ते इथे. कोषाचा धागा चिकट असतो, त्याला अनारशाला खसखस चिकटावी तशी आजूबाजूची रेती, धूळ, केस चिकटतात. तो डोळ्याला दिसत नाही, झाडूने निघत नाही, आणि त्याच्या आत औषध पोचत नाही. फिनाइल नाही, फवारणी नाही, पेस्ट कंट्रोलही नाही. आत पूर्ण वाढलेली पिसू तयार होऊन वाट बघत बसते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली की क्षणात बाहेर पडून उडी मारते. चाहूल लागली नाही तर आठवडेच्या आठवडे, काही वेळा चार-पाच महिनेही तशीच राहू शकते. गणपतीला आठ दिवस गावी जाऊन आलेल्या घरात कुलूप उघडल्या उघडल्या घोट्याला चावे बसतात ते यामुळे. आठ दिवस घरात कुणी हललं नव्हतं, सगळ्या कोषांतच तयार बसलेल्या होत्या, आणि दारातून आत आलात ते तुम्ही.

म्हणून गोळी दिल्यावर दहाव्या दिवशी कुत्र्यावर एखाददुसरी जिवंत पिसू दिसली तर औषध फसलं असं समजू नका. ती त्या दिवशीच कोषातून निघालेली आहे. गोळीचं औषध रक्तात असतं, त्यामुळे पिसू आधी चावते आणि मग काही तासांत मरते. ती अंडी घालण्याआधी मेली, एवढंच आपल्याला हवं असतं. पहिला महिनाभर नव्या पिसवा निघत राहतात, दमट हवेत तर त्या वाढल्यासारख्याही वाटतात. याच काळात लोक धीर सोडतात आणि औषध बदलतात किंवा पुढचा डोस चुकवतात. चुकलेल्या डोसच्या त्या पंधरा दिवसांत जमिनीवर नवी अंडी पडतात आणि सगळं चक्र पहिल्यापासून सुरू होतं.

थोडक्यात, कुत्र्याचं अंग निदान तीन महिने एकही दिवस मोकळं राहता कामा नये. आपल्या हवेत मी तर वर्षभर औषध चालू ठेवा असंच सांगते. कोषातून निघणाऱ्या प्रत्येक पिसूला शेवटी कुत्र्यावरच यायचं आहे. तिथे ती मरत राहिली की जमिनीवरचा साठा हळूहळू आटतो.

कोणतं औषध, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण ते वजन, वय आणि इतर आजारांवर अवलंबून असतं. पण डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून थोडी माहिती. चघळायच्या गोळ्यांमध्ये आयसोक्साझोलिन गटातली औषधं सध्या सगळ्यात भरवशाची आहेत. ॲफोक्सोलेनर म्हणजे नेक्सगार्ड आणि सॅरोलेनर म्हणजे सिम्पारिका, या दोन्ही महिन्याला एक. फ्लुरालेनर म्हणजे ब्रॅव्हेक्टो, बारा आठवड्यांना एक, आणि ती जेवणाबरोबरच द्यायची, रिकाम्या पोटी दिली तर नीट शोषली जात नाही. या गोळ्या गोचिडींवरही चालतात, त्यामुळे आपल्या भागात त्यांचा दुहेरी उपयोग. एक सावधगिरी मात्र आहे. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तशी सूचनाही काढली होती.

मानेवर लावायच्या थेंबांत फिप्रोनिल जुनं आणि सगळीकडे मिळणारं. त्यात मेथोप्रीन मिसळलेलं मिळालं तर ते घ्या, कारण मेथोप्रीन अंडी आणि अळ्यांची वाढ थांबवतं. थेंब लावताना दोन खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे. केसांवर टाकले तर अर्धं वाया. आणि लावण्याच्या आधी दोन दिवस व नंतर दोन दिवस आंघोळ नाही. पावसात रोज भिजणाऱ्या किंवा दर रविवारी शाम्पूने आंघोळ होणाऱ्या कुत्र्याला थेंबांपेक्षा गोळी बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळी मोठ्या वजनाची आणून दोन कुत्र्यांत अर्धी अर्धी वाटू नका. दोन्ही अर्ध्यांत औषध सारखं येईलच याची खात्री नसते. वजन मात्र दर वेळी करा, घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहिलात तरी चालेल. सहा महिन्यांच्या वाढत्या पिल्लाला तीन महिन्यांपूर्वीच्या वजनाचा डोस देत राहणं हे पिसवा परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. पुढच्या डोसची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, दूध आणि गॅसच्या नोंदी जिथे होतात तिथेच.

आता जे करू नये ते. आयव्हरमेक्टिनची सुई पिसवांवर चालत नाही, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना ती जिवावर बेतू शकते. अमिट्राझचं पाणी गोचीड आणि खरजेसाठी असतं, पिसवांवर त्याचा भरवसा नाही. गुरांवर मारायचं डेल्टामेथ्रिन दुकानात स्वस्त मिळतं आणि अंदाजाने बादलीत ओतलं जातं. कमीजास्त झालं तर कुत्रा लाळ गाळतो, थरथरतो, आणि त्याच घरात मांजर असेल तर तिचा जीव जाऊ शकतो. मांजरीचं हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीसाठी विष आहे. मांजर आणि कुत्रा एका गादीवर झोपत असतील तर औषध घेतानाच दुकानदाराला आणि डॉक्टरांना तसं सांगा. सशाला फिप्रोनिल लावू नका. रॉकेल, फिनाइल, डांबराच्या गोळ्या, कापूर, गॅमेक्सिनची जुनी पावडर यांपैकी काहीही कुत्र्याच्या अंगावर किंवा गादीत नको. तो अंग चाटतो, म्हणजे ते सगळं त्याच्या पोटात जातं. लसूण खाऊ घातल्याने पिसवा पळत नाहीत, उलट कुत्र्याच्या रक्तपेशींना इजा होते. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली तर अंगावरच्या काही पिसवा वाहून जातील आणि त्याला बरं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी चढणाऱ्या पिसूला ते पाणी अडवत नाही.

घरात काय करायचं ते कुत्रा कुठे झोपतो यावर ठरतं, म्हणून आधी त्याच्या जागा लिहून काढा. रात्रीची, दुपारची, कुणी आल्यावर जाऊन बसायची, गाडीतली. आपल्या फ्लॅटमध्ये लादी असते, गालिचे कमी, हे आपल्या फायद्याचं आहे. पण सोफ्याच्या खाचा, दिवाणाच्या आतली जुनी गोधडी, बाल्कनीच्या दारातलं पायपुसणं आणि भिंतीकडच्या पट्टीची फट हे चार कोपरे जवळपास प्रत्येक घरात सुटतात.

अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, साठ अंशांच्या वॉशमध्ये. नेताना गुंडाळून न्या, दारात झटकू नका, नाहीतर अंडी लॉबीत पेरली जातात. पावसात ऊन नसतं, तेव्हा ड्रायर किंवा कपडा वाळल्यावर कडक इस्त्री. जाड गादी धुता येत नसेल तर एवढे तीन महिने ती काढून टाका आणि जुन्या चादरींच्या घड्या घाला, धुवायला सोप्या. झाडूपेक्षा व्हॅक्यूम क्लीनर कितीतरी बरा. तो अंडी आणि विष्ठा ओढून घेतो, आणि त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, जे आपल्याला हवंच आहे, कारण बाहेर आलेली पिसू औषध दिलेल्या कुत्र्यावर जाऊन मरते. आतली पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाका. पहिले पंधरा दिवस रोज, नंतर एक दिवसाआड. कुत्र्याला औषध चालू असेल तर त्याला त्याच्या नेहमीच्या खोल्यांतून हाकलू नका. पिसवा गोळा करून मारण्याचं काम तोच करतो आहे.

पेस्ट कंट्रोल बोलावणार असाल तर झुरळांचा जेल लावून जाणाऱ्याला बोलावून काही होणार नाही. फोनवरच विचारा, पिसवांसाठी करता का, आणि फवाऱ्यात वाढ रोखणारं औषध, मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन, घालता का. फवारणीच्या आधी घर व्हॅक्यूम करून घ्या, माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद ठेवा, आणि लादी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्यामांजरांना बाहेर ठेवा. फवारणीनंतरही दोन-तीन आठवडे पिसवा दिसतील. कोषांचं कारण वर आलंच आहे.

नक्की कुठून येताहेत ते कळत नसेल तर पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून संशयाच्या जागी पाच मिनिटं सावकाश फिरा. पार्किंग, जिन्याखाली, बागेतल्या बाकाजवळ, रेतीच्या ढिगाची सावलीची बाजू. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे ठिपके चढताना दिसतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर वाद घालण्यापेक्षा या मोज्यांचा एक फोटो सेक्रेटरींना जास्त पटतो.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते, कारण घर कितीही स्वच्छ केलं तरी कुत्रा दिवसातून तीनदा खाली जातोच. पार्किंगमध्ये झोपणाऱ्या दोन-तीन भटक्या कुत्र्यांना आणि मांजरांना औषध मिळालं नाही तर तुमचे तीन महिने सहा महिने होतील. हाकला, उचलून न्या, अशी मागणी लगेच होते. निव्वळ पिसवांचा विचार केला तरी हा उपाय उलटा पडतो. कुत्रे गेले तरी कोष जमिनीतच राहतात, आणि त्यांतून निघालेल्या उपाशी पिसवा समोर येईल त्याच्यावर उडी मारतात. मग चावे खेळणाऱ्या पोरांना आणि वॉचमनना बसतात. त्याऐवजी त्याच कुत्र्यांना औषध द्या. जे रोज खायला घालतात त्यांच्या हातून अंड्यात किंवा चिकनच्या तुकड्यात गोळी सहज जाते. वजनाचा अंदाज डॉक्टरांना फोटो दाखवून घ्या. पिल्लं पाजणारी किंवा गाभण कुत्री असेल तर न विचारता काहीही नको. बारा आठवड्यांची गोळी भटक्यांसाठी सोयीची पडते, कारण दर महिन्याला सगळे एकत्र सापडतीलच असं नसतं. खर्च चार घरांत वाटला तर प्रत्येकाच्या पेस्ट कंट्रोलपेक्षा कमी पडतो. मांजरांना मांजरांचंच औषध.

रेतीच्या ढिगाबाबत साइटच्या सुपरवायझरशी नीट बोललं तर बहुधा ऐकतात. रेतीवर काही फवारायला सांगू नका. ती ताडपत्रीने झाका एवढंच सांगा. कुत्रा तिथे झोपला नाही तर अंडी पडत नाहीत, आणि विष्ठा पडली नाही तर आधीच्या अळ्यांना खायला मिळत नाही. झाकण्यापूर्वी सावलीकडचा वरचा थर फावड्याने उन्हात पसरवला तर आणखी चांगलं. त्या बदल्यात कुत्र्यांसाठी एखादी कोरडी जागा आणि धुता येतील अशा चादरी ठेवा, नाहीतर ते ताडपत्रीवरच झोपतील. पार्किंगमधली उरलेली रेती, फाटकी गोणपाटं, कुजका पाला सरळ उचलायचा. मुलांच्या खेळायच्या जागेत वाळू असेल तर रात्री तीही झाकायची.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. लहान पिल्लाच्या हिरड्या फिक्या, पांढुरक्या दिसल्या आणि ते मलूल असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पिसवांनी रक्त पिऊन पिल्लं दगावतात, हे मी जवळून बघितलं आहे. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मोठ्यांची गोळी नको. फणीने विंचरा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन लगेच कोरडं करा, ऊब द्या, आणि त्याच्यासाठी चालेल असा फिप्रोनिलचा स्प्रे डॉक्टरांना विचारूनच वापरा. त्याच्या आईलाही त्याच दिवशी उपचार हवा. शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर ते टेपवर्म या चपट्या जंताचे. अळीच्या रूपात तो पिसूच्या पोटात असतो आणि कुत्र्याने पिसू गिळली की त्याच्या आतड्यात वाढतो. त्यावर प्रॅझिक्वांटेलची गोळी असते, पण पिसवा राहिल्या तर तोही परत येतो. खाजवून ओली, वास येणारी जखम झाली असेल तर पावसाळ्यात तिच्यात माशा अंडी घालतात, ती झाकून ठेवून घरी हळद लावत बसू नका. आणि ताप, जेवण सुटणं, नाकातून रक्त, लघवी गडद होणं ही पिसवांची लक्षणं नव्हेत. गोचिडींतून येणाऱ्या एर्लिशिया, बबेसिया या रक्ताच्या आजारांची ती असू शकतात आणि रक्त तपासावं लागतं. जवळ सोय नसेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय आहेत.

तीन महिने सगळं सांभाळूनही पिसवा कमी होत नसतील तर एकेक दुवा तपासा. डोसची तारीख खरंच एकदाही पुढे गेली नाही ना. गोळी गिळली की उलटून टाकली. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला, बाल्कनीत येणाऱ्या मांजरीला औषध आहे का. बोर्डिंगला, ग्रूमिंगला, कर्जत-अलिबागकडे फार्महाउसवर जाणं झालं का. कोकणात गावी कुत्रा बरोबर नेत असाल आणि तिथे कोंबड्या असतील तर परत आल्यावर कानांच्या कडा बघा. कोंबड्यांवरची एक पिसू तिथे पुंजक्याने चिकटून बसते, उडी मारत नाही, ओढली तरी पटकन सुटत नाही, आणि लोक तिला बारीक गोचीड समजतात. तिच्यासाठी डॉक्टरांकडून औषध घ्या, आणि गावच्या खुराड्याचीही सफाई करून घ्या. दर रविवारी ठरलेल्या वेळी फणी फिरवून किती पिसवा निघाल्या तो आकडा लिहून ठेवा. आकडा उतरत असेल तर औषध बदलू नका. सहा-सात आठवड्यांनंतरही तो जागचा हलत नसेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कोणत्या तारखेला काय दिलं आणि त्या आठवड्यात किती निघाल्या हे समोर असलं की औषध बदलायचं की जागा शोधायची, हे त्यांना लगेच सांगता येतं.